दाराजवळची सतरंजी

ज्यांच्या हातात आजच रिपोर्ट पडला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. पण गोळ्या सुरू असताना मी एकच गोष्ट शोधत होते. माझ्यासारख्या एखाद्या मुलीनं कुठे लिहून ठेवलंय का, की हे होतं तेव्हा मनात काय काय येतं? डॉक्टर शरीराचं सांगतात आणि ते बरोबर असतं. बाकीचं कोणी सांगत नाही.

मला टीबी झाला होता. आता मी बरी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुम्हाला धाकधूक नको.

आम्ही अमडापूरचे. बाबा विहिरीवरच्या मोटारी भरतात, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळून देतात. आई ब्लाऊज शिवते. आम्ही ख्रिस्ती आहोत. गावात आमची मोजकीच घरं आणि पत्र्याचं छोटं प्रार्थनाघर आहे. बाबा मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच आहेत. मी बुलढाण्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रज्ञासोबत खोली करून राहते. प्रज्ञा मलकापूरकडची, बौद्ध घरातली, माझ्याच वर्गातली. ती नसती तर मी दवाखान्यात गेलेच नसते.

रिपोर्टचा दिवस

खोकला दिवाळीपासूनच होता. बुलढाण्याची हवा थंड, मला मानवत नसेल, असं मी म्हणायचे. दुपारनंतर अंग कणकण करायचं तेही मी थकव्यावर घालायचे. शेवटी प्रज्ञाच चिडली.

"अबे, सलवार सुटून राह्यली तुझ्या कमरेतून. चाल दवाखान्यात."

"परीक्षा झाली की जाऊ."

"परीक्षेपर्यंत तू तं राह्यली पाह्यजे ना."

तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होत्या, थकलेल्या दिसत होत्या. टेबलावर त्यांचा चहा गार होत होता. त्या म्हणाल्या, "टीबी आहे. गोळ्या न चुकवता घेतल्या की बरा होतो."

मी विचारलं, "मॅडम, माझं काय चुकलं?"

त्यांना वाटलं मी खाण्यापिण्याचं विचारते आहे. मग माझ्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, "तू श्वास घेतलास. एवढंच."

मला ते पटलं नाही. लहानपणी रविवारच्या शाळेत आम्हाला दोन वाक्यं पाठ करून घेतली होती. देव न्यायी आहे. देव दयाळू आहे. त्यातलं पहिलं वाक्य नेहमी आधी आठवतं. रस्त्यानं चालताना मी मनात माझे सगळे अपराध काढून बघत होते. आईशी खोटं बोलले ते, एका मैत्रिणीबद्दल वाईट बोलले ते. इतक्या छोट्या गोष्टींना एवढी मोठी शिक्षा बसत नव्हती. म्हणजे मला माहीत नसलेलं काहीतरी मोठं असणार, असं वाटून मी आणखी घाबरले.

बसस्टँडसमोर प्रज्ञानं मला बाकावर बसवलं.

"तुमचा देव पाहून पाहून आजार देते का?"

"नाही."

"मंग रडून काऊन राह्यली?"

"मला खात्री नाही म्हणून."

ती उठली आणि दोन कचोऱ्या घेऊन आली. "खा. मॅडम म्हणाली, खायले पाह्यजे." मग तिनं स्वतःचीही तपासणी करून घेतली. ती ठीक निघाली. खोली मात्र तिनं सोडली नाही. भर थंडीत खिडकी सताड उघडी ठेवायची, दोन ब्लँकेटं पांघरायची आणि मला शिव्या द्यायची. त्या शिव्यांनी मला किती बरं वाटायचं, हे तिला अजून माहीत नाही.

घरी

मी सांगितलं तेव्हा बाबा मोटारीत तार भरत बसले होते. त्या कामात वेढे मनात मोजावे लागतात, मध्ये बोललेलं चालत नाही. माझं बोलून झालं तरी त्यांचे हात चालूच होते. मग ते थांबले, आणि भरलेली सगळी तार त्यांनी उलगडायला घेतली. मोजणी चुकली होती.

तार उलगडता उलगडता ते म्हणाले, "कोणाले सांगू नको."

मी हो म्हटलं. त्यांना माझ्या लग्नाची काळजी होती, गिऱ्हाइकांची होती, आणि आणखी कशाची तरी होती. ते मला पुष्कळ नंतर कळलं.

आईनं माझं ताट वेगळं केलं. "डॉक्टर म्हणाल्या, ताट वेगळं नको," मी म्हणाले. "डॉक्टरले काय लागते म्हणायले," ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं. मला वाईट वाटलं. पण थोड्या दिवसांनी मी ताटात सोडलेली अर्धी पोळी तिनं सवयीनं उचलून खाल्ली. खाऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि हसू आवरेना. त्या दिवसापासून वेगळं ताट संपलं.

वॉर्डात

छातीत पाणी झालं म्हणून मला काही दिवस भरती केलं. पहिल्यांदा लघवी नारिंगी झाली तेव्हा मी भिंतीला धरून उभी राहिले, वाटलं आता संपलं. सिस्टर म्हणाल्या, "अगं, गोळ्यांचा रंग आहे तो. कोणी सांगितलं नव्हतं का?" म्हणून मी तुम्हाला सांगते. घाबरू नका.

वॉर्डातले दिवस सगळे सारखेच असतात. सकाळी गोळ्यांचा ट्रे, मग मळमळ, मग दूध आणि अंडी, मग व्हरांड्यात ऊन येतं तिकडे सगळ्याजणी सरकायच्या. शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. मी डोळे मिटून प्रार्थना करताना त्यांनी पाहिलं.

"कोणाशी बोलून राह्यली व?"

"देवाशी."

"त्याले आपली बोली समजते का?"

"समजते."

"मंग माह्यासाठीबी एक सांग. म्हणाव, आता पुरे."

मी तसंच सांगितलं. माझी तोवरची प्रत्येक प्रार्थना म्हणजे माफीनाम्यासारखी लांबलचक असायची. त्या बाईंची एवढीशीच होती, आणि मला वाटतं, ती माझ्या प्रार्थनांपेक्षा खरी होती. त्यानंतर मीही तेवढंच म्हणायला लागले.

सतरंजी

आता जे सांगायचं आहे त्यासाठी आमच्या मंडळीची एक पद्धत सांगावी लागेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. पोळीचा तुकडा आणि एकच प्याला. त्यातूनच सगळे आळीपाळीनं एक एक घोट घेतात. कोणाच्या हातून मोठं काही चुकलं तर पंच त्याला शिस्तीखाली ठेवतात. म्हणजे तो उपासनेला येतो, पण पोळी-प्याला ठेवलेल्या मेजाकडे जात नाही. मागे दाराजवळच्या जुन्या सतरंजीवर बसतो. बायका एका टोकाला, पुरुष दुसऱ्या. शिस्त संपली की पंचांपैकी एक जण मागे जाऊन त्याला हाताला धरून पुढे आणतो. स्वतःहून कोणी उठत नाही.

डॉक्टरांनी मला उपासनेला जायची परवानगी दिली ती मास्क लावून, मोकळ्या हवेशी बस असं सांगून. आमच्या प्रार्थनाघरात मोकळी हवा फक्त दाराशी. मग मी ओढणीखाली मास्क बांधून दाराजवळ बसले. मेजाकडे जायची माझी पाळी आली तेव्हा मान हलवून नाही म्हटलं. ताटाचं माहीत होतं, पण माझ्या तोंडाचा प्याला दुसऱ्यांना बाधेल अशी भीती होती, आणि हे डॉक्टरांना विचारायलाही संकोच वाटला होता.

मी कुठे बसले आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला दानिएलकाका होते. ते लोकांचे ट्रॅक्टर चालवतात. पूर्वी खूप प्यायचे. एकदा पिऊन थेट मेजापाशी आले आणि त्यांच्या हातून प्याला सांडला. पंचांनी त्यांना शिस्तीखाली ठेवलं, आणि ते सगळ्यांसमोर सांगितलं माझ्या बाबांनी. तेव्हा मी शाळेत होते.

काका हळूच म्हणाले, "तू काऊन व इथं?"

"हवा येते इथे."

"हवा." त्यांना हसू आलं. "मीबी हवेसाठीच बसतो. लय दिवसाची खाऊन राह्यलो."

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा तिथेच होतो. उपासना संपल्यावर चपला शोधताना मी धीर करून विचारलं, "काका, बाबांचा राग येतो का तुम्हाला?"

"राग कायचा? तुह्या बाबानं बराबर केलं. मी पिऊन आलतो." त्यांना एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. "बसवलं ते बराबरच हाय बाई. फक्त मंग कोणी पाहायले नाही आलं. दारू सुटली माही, तेबी कोणाले ठाव नाही."

मार्थाआत्या

मी दाराजवळ बसते यावरून गावभर काय बोललं जात होतं ते आम्हाला मार्थाआत्या घरी आल्या तेव्हा कळलं. त्या बाबांच्या लांबच्या बहीण, मंडळीतल्या सगळ्यांच्याच आत्या. प्रभुभोजनासाठी मनुका उकळून रस करण्याचं काम त्यांचं, आणि कोण काय करतं यावर लक्ष ठेवण्याचंही.

त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. "पोरी, बुलढाण्यात काय झालं ते मले सांग. मी नाही सांगत कोणाले."

आई शिवणयंत्रावरूनच म्हणाली, "तुम्ही नाही सांगत?"

"तू गप बस व." त्या माझ्याकडे वळल्या. "शिस्तीखाली बसली, तोंड बांधून बसली. लेकरा, देव न्यायी हाय. पण कबूल केलं तं दयाळूबी हाय."

तीच दोन वाक्यं, त्याच क्रमानं. बाबांना दिलेला शब्द होता, म्हणून मी काही बोलले नाही. माझं गप्प राहणं म्हणजे कबुलीच झाली असती. पण यंत्र थांबलं.

"तिले टीबी झाली हाय, आत्याबाई," आई म्हणाली. "पाप नाही केलं तिनं. तुमच्या प्याल्याले लागू नये म्हणून मांगं बसते ते."

आत्यांनी पुढे सरकून माझा दंड चाचपून पाहिला.

"माय व. हाडंच राह्यले. अंडे देता का इले?"

दुसऱ्या दिवशी आत्यांच्या कोंबड्यांची अंडी आली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं. बाबांना वाटलं तसं काही झालं नाही. मोटार जळाली की माणसाला पिकाचं पाणी दिसतं, मोटार भरणाऱ्याच्या घरातला टीबी दिसत नाही. गिऱ्हाइकं येत राहिली. एक-दोघींनी आईकडे कपडे टाकणं थांबवलं, हेही खरं. त्यातली एक नंतर परत आली.

बसमध्ये

पुढच्या तपासणीला बाबा माझ्यासोबत आले. एरवी आई यायची. चिखलीला बस बदलली, खिडकीजवळची जागा त्यांनी मला दिली, आणि समोरच्या सीटकडे बघत ते म्हणाले, "हे शिक्षा माही हाय, एस्तेर."

"कशाची?"

"म्या दानिएलले तिथं बसवलं. देवानं माही पोरगी त्याच सतरंजीवर बसवली. मी समोरून पाहतो ना. तू सांगतलं तवाच भेव वाटलं होतं, पहिल्याच रविवारी पक्कं समजलं मले."

म्हणजे मी माझे अपराध काढून बघत होते तेव्हा बाबा त्यांचे बघत होते. एकाच घरात, एकमेकांना न सांगता. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नाही.

मी म्हणाले, "मी काकांना विचारलं. ते म्हणाले, तुह्या बाबानं बराबर केलं."

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "असं म्हणाला?"

"हो. म्हणाले, बसवलं ते बरोबर. पण मग कोणी पाहायले आलं नाही. त्यांची दारू सुटली, बाबा."

"कवा?"

"लय दिवस झाले म्हणे."

ते पुन्हा समोरच्या सीटकडे बघू लागले. बस बुलढाण्याच्या रस्त्याला लागली. खिडकीतून गावं मागे पडत गेली.

दवाखान्यात रिपोर्ट चांगला आला. मास्क काढायला सांगितला. बाबा सोबत होते म्हणून मी एकदाचं विचारून टाकलं, की आमच्याकडे एकाच प्याल्यातून घेतात, तर मी घ्यावा का. डॉक्टर म्हणाल्या, "पेल्याताटानं हा आजार पसरतच नाही गं. खुशाल घे. पण गोळ्या मध्ये सोडू नकोस. बरं वाटतं म्हणून निम्म्यात सोडल्या की आजार पहिल्यापेक्षा वाईट होऊन परत येतो."

बाबांनी ते दोनदा विचारून घेतलं. "निम्म्यात सोडलं तं वाईट?"

"हो. सुरू करणं सोपं असतं हो. शेवटपर्यंत नेणं महत्त्वाचं."

परतीच्या वाटेवर मी फार विचार केला. तो मला नीट मांडता येईल असं वाटत नाही. इतके दिवस मला न्याय आणि दया तराजूच्या दोन पारड्यांसारखे वाटत होते, एक वर गेलं की दुसरं खाली. पण काकांना न्यायाबद्दल तक्रार नव्हती. त्यांना बसवणाऱ्यांनी परत मागे वळून पाहिलं नाही, एवढंच त्यांना लागलं होतं. बाबांचा न्याय खोटा नव्हता, निम्म्यात सुटलेला होता. आणि मला वाटलं, देव असं निम्म्यात सोडत नसावा. आमच्या विश्वासाप्रमाणे तर न्याय करणारा स्वतःच खाली उतरून आला. हे मी लहानपणापासून ऐकत होते. बसमध्ये ते पहिल्यांदा मला कळल्यासारखं झालं.

पहिला रविवार

त्या रविवारी मी मास्कशिवाय होते. तरी मी दाराजवळच बसले. खरं सांगायचं तर पुढे जाऊन बसायला मला जमेना. काका तिथे एकटे राहिले असते.

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, प्रत्येकानं आपली परीक्षा करावी आणि मग यावं. आधी पंच उठतात. बाबा उठले, पण मेजाकडे न जाता वळले आणि मागे चालत आले. आमचं प्रार्थनाघर लहान आहे. सगळ्या माना वळल्या. मला वाटलं ते हात पुढे करतील, कारण पद्धत तशी आहे. ते खालीच बसले. त्या जुन्या सतरंजीवर, दानिएलकाकांच्या गुडघ्याला गुडघा लावून.

"दानिएल, म्या तुले इथं बसवलं," बाबा म्हणाले. "उठवायले मीच यायले पाह्यजे होतं. मी आलो नाही."

दानिएलकाकांनी डोळे पुसले. पण ते दानिएलकाकाच. "आला ना आता," ते म्हणाले. "बस जराक. हवा चांगली हाय इथं."

बायकांत कोणीतरी हसलं, मग सगळेच. पाळकसाहेब पोळीचं ताट हातात घेऊन थांबून राहिले. पंचांनी आदल्या दिवशी बसून शिस्त उठवली होती, पण बाबा असे खाली बसतील हे त्यांनाही माहीत नसावं. थोड्या वेळानं बाबा उठले. एका हातानं काकांना धरलं आणि दुसरा हात माझ्याकडे केला. बापानं मुलीचा हात धरायची आमच्यात पद्धत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. मी तो धरला.

प्याला माझ्याकडे आला तेव्हा मार्थाआत्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी घोट घेतला. माझ्यानंतर प्याला त्यांचाच होता. पुसायचं पांढरं फडकं पाळकसाहेबांनी पुढे केलं, तर त्यांनी ते हातानं बाजूला सारलं आणि मी जिथून प्यायले तिथूनच प्यायल्या.

"साखर जास्त झाली का व?" त्यांनी हळूच विचारलं.

"जास्त झाली, आत्या."

"मले वाटलंच."

आता

गोळ्या संपल्या. जिना चढताना अजून थोडी धाप लागते, ती कमी होईल म्हणतात. बुडालेली परीक्षा मी पुढच्या वेळी दिली. माझं वजन भरून आलं. सलवारी आता घट्ट होतात, म्हणून प्रज्ञाची वेगळीच कटकट सुरू आहे. परवा त्याच बाकावर कचोरी खाताना तिनं विचारलं, "मंग? झाली का खात्री?"

"थोडी झाली," मी म्हणाले. ते खरं आहे. मला टीबी का झाला याचं उत्तर डॉक्टरांचंच मी आता धरून आहे, मी श्वास घेतला. त्यापलीकडे मी शोधत नाही. पण मी दाराशी बसले होते तेव्हा मला घ्यायला कोणीतरी आलं, हे मी पाहिलं आहे. तुम्ही आत्ता रिपोर्ट हातात घेऊन कुठेतरी एकट्या बसला असाल, तर तेवढं लक्षात ठेवा. आणि गोळ्या सोडू नका.

अमडापूरला गेले की मी अजून दाराजवळच बसते, हवेची सवय झाली आहे. दानिएलकाकाही तिथेच बसतात, म्हणतात इतक्या दिवसांची जागा कोण सोडते. मार्थाआत्यांचे गुडघे दुखतात. दाराला टेकता येतं म्हणून आता त्याही तिकडेच येतात. परवा सतरंजी पुरेना, तर बाबांनी शेजारी एक नवीन आणून टाकली. आता तिथे कोण शिस्तीखाली आहे आणि कोण हवेसाठी बसलं आहे, हे बाहेरून आलेल्या माणसाला सांगता येणार नाही.